बिब्ब्याचा डाग

“पाय सोड.”

“न्हाई सोडत.”

“वैजे, पाय सोड म्हनते मी. तिकडं माती वाट बघाय लागलीया.”

“बघू दे वाट.”

सासूचा पाय मांडीत आवळून बसलेली सून आमच्या तांबडवाडीनं त्या दिवसापर्यंत पाहिली नव्हती. मार्गशीर्षातली सकाळ होती. ऊन नुकतं भिंतीवरून अंगणात उतरलं होतं. गोणपाटाखाली माती तीन दिवस भिजत पडली होती आणि मुरलेल्या मातीचा आंबूस, गार वास सगळ्या अंगणात पसरला होता. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, पाटावर बसल्या होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, उजवा पाय धुऊन मोकळा झालेला, डावा माझ्या मांडीवर. माझ्या हातात वज्री.

आमच्या कुंभारघरची एक रीत होती. संक्रांतीच्या सुगडांची पहिली माती तुडवायला उतरायचं ते तळवे घासून. टाचेच्या भेगेत एखादा बारका खडा अडकलेला असतो. तो चिखलात जातो, चिखलातून सुगडात जातो, आणि मडकी भाजायच्या आव्यात जाळ लागला की नेमकं त्या खड्यापाशी सुगड फुटतं. म्हणून घरातल्या धाकटीनं थोरलीचे पाय वज्रीनं घासायचे, ऊन पाण्यानं धुवायचे, तळव्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचं, “स्वच्छ हाय.” हे दोन शब्द कानावर पडल्याशिवाय थोरली चिखलात उतरत नसे.

माती तुडवायचा मान आत्तींचा. मला लग्न होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. मी राख चाळत होते, लाकडं रचत होते, सुगडं उन्हात मांडत होते, पण चिखलात माझा पाय अजून पडला नव्हता. माझ्या वाट्याला ते दोन शब्द तेवढे होते. आणि आज ते माझ्या तोंडातून निघत नव्हते.

“डाग हाय,” मी म्हणाले.

“बिब्ब्याचा हाय. तूच लावलायस न्हवं?”

तेच तर मला सव्वा वर्ष खात होतं.

आदल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आत्तींच्या डाव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता. टाचेच्या पुढं, तळवा जिथं खोलगट व्हायला लागतो तिथं. काटा निघाला, पण सल राहिली. आमच्याकडं अशा वेळी बिब्बा लावतात. बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरला की त्याचं तेल सुटतं, त्याचा चटका सलीच्या जागी द्यायचा. आत्ती म्हणाल्या, “लाव, माझा हात पोचत न्हाई.” मी लावला. त्यांच्या पायाला माती होती, चटका देताना माझा हात हलला, दिव्याच्या उजेडात मला दिसलं ते काट्याचं भोक. दुसरं काही पाहिल्याचं आठवत नाही.

बिब्ब्याचा काळा डाग पडतो, हे ठाऊक होतं. पण तो जातोही. महिना-दीड महिन्यात साल निघते आणि डाग तिच्याबरोबर गळून पडतो. माझ्या माहेरी निम्म्या गावाच्या पायांना बिब्बा लागलेला मी पाहिला होता, सगळ्यांचे डाग गेले होते. आत्तींचा गेला नाही. गेल्या मार्गशीर्षात पाय घासले तेव्हा तो ताजाच होता, म्हणून ते दोन शब्द मी म्हणून टाकले होते. संक्रांतीला होता. पाडव्याला होता. दुपारी आत्ती पडवीत कलंडल्या की मी हळूच जवळ जाऊन तळवा बघायची. तो आधी चिंचोक्याएवढा होता. मग रुपयाएवढा झाला. आज वज्रीनं घासून घासून तळवा गुलाबी झाला, तरी डाग जागचा हलला नाही. उलट धुतल्यावर तो आणखी नीट दिसला. कडा सरळ नव्हत्या, टिपकागदावर शाई फुटावी तशा फुटल्या होत्या. मध्ये काळा, एका अंगाला तपकिरी, आणि एका टोकाला निळसर, जांभळासारखा.

“आत्ती, बिब्ब्याचा डाग सव्वा वरीस ऱ्हात न्हाई.”

“माझा ऱ्हातोय. चिवट हाय मी.”

“मी न्हाई म्हननार.”

“काय न्हाई म्हननार?”

“स्वच्छ हाय, असं.”

आत्ती माझ्याकडं बघतच राहिल्या. त्यांचं नाव गजराबाई, पण गावात त्यांना कुणी फुलासारखं वागवत नसे. सगळे जपून असत. पंचावन्नच्या असतील तेव्हा. मामंजी गेल्यावर दोन पोरींची लग्नं आणि एका पोराचं शिक्षण त्यांनी या पायांवर केलं होतं.

“वैजे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हळू झाला की मांजरसुद्धा उठून जाई. “हा पाय हाय का कढई, घासून चकचकीत कराय? पांढरा न्हाई व्हायचा तो. म्हन दोन शब्द आनि उठ.”

“आधी डाक्टरला दाखवू. मग म्हनते.”

“संक्रांत झाल्यावर दाखवू.”

“मग चिखलात पन संक्रांत झाल्यावर उतरा.”

तेवढ्यात हणमंत, म्हणजे आमचे हे, चाकाची खुंटी हातात घेऊन बाहेर आले. आईचा पाय बायकोच्या मांडीत, आई लाल, बायको रडकुंडीला. त्यांनी खुंटी खाली ठेवली.

“काय झालं?”

“तुझी बायको मला चिखलात उतरू देईना. रीत शिकवाय लागलीया मला.”

“मी न्हाई शिकवत,” मी म्हणाले. “रीत तुमचीच हाय. पाय स्वच्छ असल्याबिगर उतरायचं न्हाई. मी तेवढंच म्हनतेय.”

हे खाली बसले. त्यांनी आईचा तळवा पाहिला. मला वाटतं, तेही आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. मग उठले आणि आत जाऊन दांडीवरचा सदरा अंगात घालत बाहेर आले.

“नऊची एसटी गाठता येईल,” ते म्हणाले.

“अरं, पन माती—”

“माती मुरू दे अजून एक दिस. काय बिघडत न्हाई तिचं.”

आत्ती एसटीत खिडकीशी बसल्या आणि मिरज येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मिरजेच्या स्टँडवर उतरल्यावर बोलल्या. “रुपयाएवढ्या डागासाठी तिकिटाचं तीन मानसांचं पैसं. हुशार हाईस.”

दवाखान्यात तपासायला होत्या त्या डॉक्टर शिरगुप्पेबाई. चाळिशीच्या, ठेंगण्या, केसांत पांढरी बट. त्यांनी आत्तींना पलंगावर झोपवलं, दिवा खाली ओढला, भिंग घेतलं आणि तळव्यावर वाकल्या. मोठ्या माणसाच्या पायाशी कुणी इतकं वाकावं याचा आत्तींना संकोच वाटला. त्या पाय ओढून घ्यायला लागल्या.

“राहू द्या मावशी. हा रंग बघायचाय मला.”

मग त्यांनी ह्यांना बाहेर पाठवलं आणि आत्तींची जांघ दाबून पाहिली.

“आगं बया! पाय दाखवाय आलेय मी.”

“पायाचा रस्ता इथूनच वर जातो मावशी. गाठ आहे का बघते.” दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून त्या म्हणाल्या, “हाताला काही लागत नाही. चांगलं आहे.” मग विचारायला लागल्या. डागातून कधी रक्त आलं का? वर फुटला का? खपली धरली का? खाज? मी एकेकाला नाही म्हणत गेले.

“कधीपासून आहे हा?”

इथं माझा बांध फुटला. “सव्वा वरीस झालं, डाक्टरीणबाई. माझ्यामुळं झालाय. काटा मोडलावता, मी बिब्बा लावला, माझा हात हलला, लई खोल भाजलं असंल—”

“बिब्ब्यानं कातडी भाजते. त्याचा डाग पडतो. पण हा डाग बिब्ब्यानं झाला असं मी नाही म्हणणार.” त्या आत्तींकडं वळल्या. “बिब्ब्याच्या आधी इथं काही होतं का मावशी? तीळ? ठिपका?”

आत्तींनी माझ्याकडं पाहिलं. मी पदरात तोंड घातलेलं होतं.

“व्हता की,” त्या म्हणाल्या. “तिच्या लग्नाआधीपासनं व्हता. तिळाएवढा व्हता, मग वाढला. तिचा काय संबंध न्हाई. उगं रडतीया.”

मी वर पाहिलं. त्या इतक्या सरळ चेहऱ्यानं बोलत होत्या की माझं रडणं थांबलं. पण मनात एक गाठ पडली. तिळाएवढा असता तर पहिल्या वर्षी पाय घासताना, नाहीतर बिब्बा लावताना मला दिसला असता. का नसता दिसला? तो दिवा, ती माती, ते काट्याचं भोक. मी आठवायला लागले की सगळं आणखी अंधुक होई.

शिरगुप्पेबाईंनी हात धुतले आणि ह्यांना आत बोलावलं. स्टूल ओढून बसल्या.

“मी लपवून ठेवत नाही,” त्या म्हणाल्या. “याला मेलॅनोमा म्हणतात, असं मला वाटतंय. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, त्यांचा कॅन्सर. गोऱ्या देशांत उन्हानं होतो, अंगावर कुठंही. आपल्याकडं तो कमी, पण झाला तर बहुतेक तळव्याला, तळहाताला, नाहीतर नखाखाली. डाग पूर्ण काढून तपासायला पाठवू. आठ दिवसांनी कळेल.”

कॅन्सर हा शब्द ऐकून ह्यांनी भिंतीला हात टेकला. आत्ती मात्र तशाच बसल्या होत्या.

“काय कळंल आठ दिसांनी?” त्यांनी विचारलं. “मरनार का जगनार, ते?”

“तो किती खोल गेलाय ते कळेल. या रोगाचं सगळं खोलीवर असतं मावशी, रुंदीवर कमी. रुपयाएवढा पसरला पण वरच्या थरात राहिला, तर कापून टाकला की बहुतेकांचं आयुष्य सुरळीत. खाली उतरला, तर अवघड. वर जखम फुटली असेल तर आणखी अवघड, आणि जांघेतल्या गाठीत पोचला असेल तर त्याहून. तुमच्या डागाला जखम नाही, गाठ लागत नाही. सोनोग्राफी करून तेही पक्कं बघू. वय फार नाही तुमचं. आणि यात पुरुषांपेक्षा बायकांचं जरा बरं असतं.”

“कशात तरी बायकांचं बरं हाय म्हना की,” आत्ती म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या. हे हसले नाहीत. “किती खोल म्हंजे अवघड?” त्यांनी विचारलं.

“एक मिलिमीटरच्या आत असेल तर शंभरातली नव्वदच्या वर माणसं पाच वर्षांनंतरही हिंडत-फिरत असतात. त्याच्या पुढं जसजसा खोल, तसतसा आकडा उतरतो.”

“एक मिलिमीटर म्हंजे केवढं?” आत्तींनी विचारलं.

बाईंनी इकडंतिकडं पाहिलं. टेबलावर पोस्टकार्डांची चवड होती, पेशंटांना तपासणीची तारीख कळवायची. त्यातली चार उचलून त्यांनी एकावर एक धरली. “साधारण एवढं.”

आत्तींनी ती कार्डं घेतली. डोळे मिटले. अंगठा आणि पहिल्या बोटात धरून त्या चाचपू लागल्या. सुगडाचा काठ असाच बघायच्या त्या. चाकावरून उतरलेल्या प्रत्येक सुगडाचा काठ चिमटीत धरून सांगायच्या, हा बरोबर, हा जाड, हा पातळ, हा आव्यात टिकणार नाही. माझ्या नवऱ्यानं पंधरा वर्षं चाक फिरवलं, पण काठाची जाडी आईच्या चिमटीनंच ठरायची.

“आमच्या तड्यासारखंच हाय की,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या. “वरवरचा तडा असला तर पान्याचा हात फिरवून भागतं. खाली गेला, तर मडकं गेलं. आनि वरनं बघून काय कळत न्हाई.”

“अगदी असंच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “म्हणून कापूनच बघायचं.”

त्याच दिवशी सोनोग्राफी झाली आणि डाग काढला. जागा बधिर करून, पाऊण तासात. संध्याकाळच्या एसटीनं आम्ही परत आलो. ह्यांनी आईला स्टँडपासून घरापर्यंत पाठीवर आणलं आणि आत्ती सगळ्या रस्त्यानं भेटेल त्याला सांगत आल्या, “बघा, लेक कसा घोड्यासारखा चालतोय!”

मग ते आठ दिवस.

माती मुरून गेली होती, तिला आणखी थांबता येत नव्हतं. मला वाटलं, आत्ती म्हणतील, वैजे, तू उतर. तसं त्या म्हणाल्या नाहीत. ह्यांनाच उतरायला सांगितलं. पडवीत बाजेवर, पाय उशीवर ठेवून आत्ती बसायच्या आणि तिथून हाका द्यायच्या.

“हन्म्या, कडंची माती आत घे! नाचतोयस काय?”

“तुडवतोय की.”

“टाचंनं दाब. बोटांनी चाचप. पायाला डोळं न्हाईत व्हय तुझ्या?”

आत्ती स्वतः तुडवायच्या तेव्हा गात असत. मला त्यातली एक ओवी पाठ होती:

चिखल तुडविते बाई, खडा लागतो पायाला
खडा वेचून टाकिते, तडा न्हाई सुगडाला

ह्यांना गाता येत नव्हतं आणि खडे लागत नव्हते. त्या वर्षी आव्यातून टोपल्यांनी फुटकी सुगडं निघाली.

शेजारची इठाबाई विचारपूस करायला आली. बसली, चहा प्याली, तळव्याची पट्टी बघितली. मग माझ्या देखत म्हणाली, “बिब्बा लावाय सुनंला कशाला सांगायचं गजरे? सुनंचा हात जड असतोय.”

माझ्या हातातली बशी वाजली.

“जड हात तुझ्या सुनंचा,” आत्ती म्हणाल्या. “म्हनून तर च्या प्यायला आमच्याकडं येतीस.”

इठाबाई उठून गेली. आत्तींनी मला जवळ बोलावलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. फक्त, “बशी फुटली का बघ,” एवढंच म्हणाल्या. पण मी बघत होते, त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट सारखी एकमेकांवर फिरत होती. जेवून उठल्यावर, बोलता बोलता, उन्हाकडं बघत बसल्यावर. हवेतला कसलातरी काठ त्या चाचपत होत्या. चार पोस्टकार्डं. आठ दिवस ती कार्डं त्यांच्या चिमटीतून खाली उतरली नाहीत. त्यांना भीती वाटत होती हे मला त्या चिमटीनं सांगितलं. तोंडानं त्यांनी कधीच सांगितलं नाही.

नवव्या दिवशी आम्ही पुन्हा मिरजेला गेलो. शिरगुप्पेबाईंनी कागद उलगडला. आम्ही तिघं टेबलाच्या अलीकडं. बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं. मग टेबलावरची चार पोस्टकार्डं उचलली, एकावर एक धरली, त्यातलं एक काढून बाजूला ठेवलं आणि उरलेली आत्तींच्या हातात दिली.

आत्तींनी डोळे मिटले. चिमटीत धरली. ओठ हलले.

“एक कमी हाय,” त्या म्हणाल्या.

“शून्य पूर्णांक आठ,” बाई म्हणाल्या. “वर जखम नाही. सोनोग्राफीत गाठ नाही. मावशी, यात मी कुणालाच खात्री देत नाही, तुम्हालाही देत नाही. पण याहून चांगला कागद या टेबलावर मी फार वेळा वाचलेला नाही. तळव्याचे डाग घेऊन लोक माझ्याकडं येतात ते फुटल्यावर, नाहीतर जांघेत लिंबाएवढी गाठ आल्यावर. तळवा कुणी बघतच नाही. तुमचा एवढ्या लवकर कसा आला, याचंच मला नवल वाटतंय.”

“पाय स्वच्छ न्हवता म्हनून आला,” आत्ती म्हणाल्या.

बाईंना काही कळलं नाही. मला थोडं कळलं. ह्यांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, आणि तोच रुमाल मला दिला.

पुढं आणखी एक ऑपरेशन झालं. जखमेच्या कडेनं बोटभर कातडी आणखी काढली, कुठं काही राहायला नको म्हणून, आणि मांडीची पातळ कातडी तिथं लावली. अकरा दिवस दवाखान्यात राहावं लागलं. तिसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या शिरगुप्पेबाईंना आत्तींनी थांबवलं आणि सगळ्या वॉर्डासमोर ओवी ऐकवली:

मिरजेची डाक्टरीण, बाई दिसाया भली
माझ्या तळव्याचं कातडं, तिनं चोरून नेली

“कातडं चोरून नेली?” शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली. “चोरून नेलं म्हन.”

“मग भलीला जुळत न्हाई,” आत्ती म्हणाल्या, आणि बाई हसत हसत पुढच्या खाटेकडं गेल्या.

घरी सोडताना बाईंनी मला बाजूला घेतलं. दर तीन महिन्यांनी दाखवायला आणा, दोन वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी आणा. मधल्या काळात तळवा, जांघ आणि अंगावरचे सगळे तीळ घरी बघत जा. नवा काळा ठिपका दिसला, जांघेत दाण्याएवढं काही लागलं, तर तारखेची वाट बघू नका. मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. त्यांनी म्हटलेली पाच वर्षं कधीच मागं पडली. त्यांच्यावर आणखी बावीस गेली. आता दाराशी बसून आत्ती नातसुनेला चिमटीनं काठ शिकवतात. पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या वर्षानंतरचं, पुढच्या मार्गशीर्षातलं.

पुन्हा माती भिजली होती. पुन्हा तो आंबूस वास. आत्तींचा पाय बरा झाला होता, त्या चालत होत्या, नदीला जात होत्या. पण लावलेली कातडी पातळ होती आणि तिथं त्यांना काही कळत नसे. गरम कळत नसे, खडा कळत नसे. मी त्यांच्यासाठी पाट मांडला, ऊन पाणी आणलं, वज्री घेतली आणि खाली बसले.

त्या आल्या, पण बसल्या नाहीत.

“उठ,” त्या म्हणाल्या.

“का?”

“तू बस पाटावर.”

मला कळेना. त्यांनी माझा दंड धरून मला पाटावर बसवलं आणि स्वतः खाली, जमिनीवर बसल्या. मी उठायला लागले तशी त्यांनी माझा पाय धरला आणि मांडीवर ओढून घेतला.

“आत्ती! आवं, सोडा! कुनी बघितलं तर काय म्हनंल?”

“काय म्हनंल? सासू सुनंचं पाय धुती म्हनंल. म्हनू दे.”

“आत्ती, पाय सोडा.”

“न्हाई सोडत,” त्या म्हणाल्या. माझीच गेल्या वर्षीची तऱ्हा, मान तेवढीच ताठ.

त्यांनी वज्री पाण्यात बुडवली. टाचेपासून सुरुवात केली. मी संकोचानं आकसून गेले होते. पदर तोंडाला लावून बसले. त्या भेग न् भेग घासत होत्या, पाणी ओतत होत्या, पुन्हा घासत होत्या. तेव्हा, त्या खाली मान घालून बसलेल्या असताना, मला विचारायचा धीर झाला.

“आत्ती, एक विचारू?”

“विचार.”

“डाक्टरीणबाईंना तुमी सांगितलं, डाग माझ्या लग्नाआधीपासनं हाय. ते खरं व्हतं?”

वज्री थांबली नाही.

“मला काय ठावं?”

“म्हंजे?”

“अगं, आपला तळवा कोन बघतं? इतकी वर्सं माती तुडवली, पन पाय वर करून खाली काय हाय, कधी बघितलं न्हाई. असंल तीळ. नसंल. तू रडाय लागलीस, म्हनून सांगून टाकलं.”

“आनि माझ्या बिब्ब्यानंच झाला असंल तर?”

“ती शिकलेली बाई म्हनाली न्हवं, न्हाई म्हनून? तिचं तरी खरं मान.” त्यांनी माझा पाय उचलला, उन्हाकडं वळवला, फुंकर मारून पाणी उडवलं. “आनि एक सांग. बिब्बा लावला नसतास, तर माझा तळवा इतक्यांदा बघितला असतास?”

मी खाली, त्यांच्या हातातल्या माझ्या पायाकडं बघितलं.

“दुपारी मी पडले की यायचीस. पाऊल न वाजवता. बोटानं लुगड्याचा काठ वर सारायचीस आनि वाकून बघायचीस. मला ठावं हाय सगळं. तुझा श्वास लागायचा तळव्याला. गुदगुल्या व्हायच्या.”

“तुमी जाग्या असायचा?”

“जागीच की.”

“मग बोलला का न्हाई?”

त्यांनी माझ्या बोटांच्या बेचक्यांत एकेक करून बोट घातलं, माती काढली. बराच वेळ काढत बसल्या. त्या बेचक्यांत एवढी माती नव्हती.

“बरं वाटायचं,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी दुसरा पाय घेतला. तोही तसाच घासला, धुतला, पदरानं पुसला. दोन्ही तळवे उन्हात धरून डोळे बारीक करून पाहिले, टाच, खळगा, बोटांच्या खालचा उंचवटा. एक तीळ होता लहानसा, उजव्या टाचेच्या कडेला. मला तो आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. त्यावर त्यांनी अंगठा ठेवला, मग चिमटीत धरून पाहिला.

“हा ध्यानात ठेवते मी,” त्या म्हणाल्या. मग दोन्ही तळव्यांवरून एकदा हात फिरवला.

“स्वच्छ हाय. उतर.”

मी लुगडं खोचलं. गोणपाट बाजूला केलं. चिखल गार होता, इतका गार की श्वास अडकला. एक पाऊल घातलं, मग दुसरं. माती बोटांमधून वर आली. आत्ती पाटावर बसल्या होत्या, जिथं मी इतका वेळ बसले होते तिथं, आणि हाताच्या तळव्यानं गुडघ्यावर ताल धरून गायला लागल्या होत्या:

ओल्या मातीच्या चिखली, माझं पाऊल उमटे
माझ्या पावलाच्या ठायी, सून चालताना भेटे

चार फेऱ्या झाल्या असतील. पाचव्या फेरीला डाव्या टाचेखाली काहीतरी टोचलं. बारीक, तांदळाच्या कणीएवढं. मी तिथंच थबकले.

गाणं थांबलं. “काय झालं?”

“खडा लागला.”

“मग उभी काय ऱ्हायलीस?” आत्ती म्हणाल्या. “काढ की.”